गाडी तर छान चालते, मग बोलावतात कशाला?

या वेळी पत्रं बरीच आली आणि जवळजवळ सगळी एकाच विषयावरची: कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या, आणि वारंवार बिघडूनही कुणी दाद न देणाऱ्या गाड्या. मी अभियांत्रिकी शिकले, आधी सर्व्हिस सेंटरमध्ये आणि मग गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या वॉरंटी विभागात मिळून सतरा वर्षं काम केलं. नंतर कायदा शिकले आणि आता ग्राहकांच्या बाजूने उभी राहते. टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, माझी गाडी नऊ वर्षांची आहे. एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलायचा आहे, गाडी घेऊन या, असं कंपनीचं पत्र आलंय. गाडीने आजवर एकदाही त्रास दिलेला नाही. वॉरंटी तर केव्हाच संपली. मुलगा म्हणतो, एकदा गाडी आत घेतली की चार कामं काढतील आणि बिल हातात देतील. जाऊ की नको?

जा, आणि याच आठवड्यात जा.

"आजवर काही झालं नाही" हा दिलासा क्लचच्या बाबतीत चालेल, एअरबॅगच्या बाबतीत नाही. एअरबॅग वर्षानुवर्षं काहीच करत नाही आणि मग एकदाच, पापणी लवायच्या आत, तिला सगळं करावं लागतं. ती धड आहे की बिघडलेली, हे गाडी चालवून कधीच कळणार नाही.

जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरचं प्रकरण तुमच्या प्रश्नाला नेमकं लागू पडतं. इन्फ्लेटर म्हणजे धातूची एक छोटी डबी. तिच्यात झपकन पेटणाऱ्या मिश्रणाच्या वड्या भरलेल्या असतात. टक्कर झाली की वड्या पेटतात, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. ताकाताने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. हवेतला दमटपणा आणि उन्हातान्हाचा, रात्रीच्या गारव्याचा फेरा वर्षानुवर्षं सोसून त्या वड्या आतून सच्छिद्र होत गेल्या. सच्छिद्र वडी ठरल्यापेक्षा फार वेगाने जळते. मग वायूचा दाब डबीला पेलवत नाही, डबीच फुटते आणि तिचे धारदार तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. ज्या किरकोळ धडकेतून माणूस हातपाय झटकत उतरला असता, तशा धडकांत माणसं गेली. एकट्या अमेरिकेत १९ कंपन्यांच्या गाड्यांमधले सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले, आणि २०१७ साली ताकाताने दिवाळखोरीचा अर्ज केला. होंडा आणि ॲक्युराच्या २००१ ते २००३ सालच्या काही गाड्यांमधले इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता चाचण्यांत ५० टक्क्यांपर्यंत दिसली, असं तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये जाहीर केलं.

त्या गाड्या तेव्हा तेरा ते पंधरा वर्षांच्या होत्या, हे लक्षात घ्या. हा दोष गाडीच्या वयाबरोबर वाढत जातो. नऊ वर्षं काही झालं नाही, हे तुम्ही न जाण्यासाठी सांगताय. मला मात्र त्यातच घाई करण्याचं कारण दिसतं.

आता बिलाचं. वॉरंटी आणि रिकॉल या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वॉरंटी हा विकणाऱ्याचा शब्द असतो आणि त्याला मुदत असते. रिकॉल म्हणजे सुरक्षेला धोका पोचवणारा दोष आपल्याकडून राहून गेला, ही बनवणाऱ्याने दिलेली कबुली. ते काम फुकटच होतं. अमेरिकेतल्या कायद्यात हे बंधन गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत आहे. भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांचा विचार केलेला आहे. पण तुम्हाला कंपनीने आपणहून पत्र पाठवलं आहे, म्हणजे तुमची गाडी तिच्या यादीत आहे. तिथे वयाचा वाद निघतच नाही.

मुलाची शंका खोटी नाही. तिच्यावर उपाय सोपा आहे. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटर कामं लिहून तुमची सही घेतं त्या कागदावर, फक्त रिकॉलचं काम लिहायला लावा, पत्रातला मोहीम क्रमांक त्यावर घालून घ्या, आणि "इतर कोणतंही काम माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये" ही ओळ तुमच्या हाताने लिहून खाली सही करा. गाडी परत घेताना रिकॉलचं काम पूर्ण झाल्याची नोंद असलेला कागद मागा. बिलाची रक्कम शून्य असली तरी बिल घ्याच.

आणि जायच्या आधी पत्र खरं असल्याची खात्री करा. पत्रातल्या किंवा मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन चेसिस नंबर टाका. हा १७ अक्षर-अंकांचा असतो आणि नोंदणीच्या कागदावर असतो; बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातूनही दिसतो. एक गोष्ट सांगून ठेवते, कारण इथे हमखास चूक होते: त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. ओ वाटला तर तो शून्य आहे.

दीड वर्षाची गाडी चालता चालता बंद पडते. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. दर वेळी "काही दोष आढळला नाही" म्हणून परत देतात. पाचव्यांदा भर रहदारीत बंद पडली, मागून ट्रक येत होता. माझ्या मॉडेलचा रिकॉल निघालेला नाही. आता मला नवी गाडी किंवा पैसे परत हवेत. वकील करू का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ट्रकचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. वकील कराल तेव्हा करा, पण त्याच्या आधी करायची कामं आहेत. ती राहिली तर चांगला वकीलसुद्धा फार काही करू शकत नाही.

आधी कबुली देते. सर्व्हिस सेंटरला असताना "दोष आढळला नाही, टेस्ट ड्राइव्ह घेतली, ग्राहकाचे समाधान झाले" ही ओळ मी स्वतः कितीतरी जॉब कार्डांवर लिहिली आहे. तेव्हा ती खोटी वाटायची नाही. गाडी समोर उभी असताना नीट चालत असायची, स्कॅनरवर फॉल्ट कोड दिसायचा नाही, बाहेर दहा गाड्या खोळंबलेल्या असायच्या. पुढे ग्राहकाच्या बाजूने कागद वाचायला लागले तेव्हा कळलं की प्रकरण कमकुवत होतं ते याच एका ओळीमुळे. समोरचा वकील ती मोठ्याने वाचून दाखवतो आणि खाली तुमची सही असते.

म्हणून यापुढे सही करण्याआधी जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते पाहा. सर्व्हिस ॲडव्हायझर "इंजिन चेक करणे" असं लिहितो. तुम्ही लिहायला लावा: "चालू गाडी ताशी चाळीसच्या वेगात अचानक बंद पडली, स्टिअरिंग जड झालं, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, ही पाचवी वेळ." परत घेताना समाधान झालं नसेल तर तेवढंच लिहा: "तक्रार कायम." दोन शब्द पुरतात. आधीच्या चार जॉब कार्डांच्या प्रती आजच मागा, ईमेलवर मागा.

दुसरं काम म्हणजे वही. वॉरंटी विभागात असताना एका नर्सबाईंची गाडी अशीच बंद पडायची. तीन सेंटरांनी हात टेकले होते. बाईंनी रुग्णाचा चार्ट लिहावा तशी नोंद ठेवली होती: तारीख, वेळ, किलोमीटर, पेट्रोलचा काटा कुठे होता, एसी चालू की बंद, रस्ता सपाट की चढाचा. अकरा नोंदी होत्या. त्यांची वही मी टेबलावर उघडी ठेवली आणि बोट खाली खाली नेत गेले. अकराच्या अकरा वेळा काटा पाव टाकीच्या खाली होता आणि गाडी चढावर होती. टाकीतल्या पंपाभोवती पेट्रोल साठवून धरणारा जो छोटा कप्पा असतो, तो भरतच नव्हता. चढावर पेट्रोल मागे सरकलं की पंप हवा ओढायचा. सपाट रस्त्यावर भरल्या टाकीने टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्या कुणालाच तो दोष सापडला नसता. वही पाहिल्यावर मेकॅनिकला एक दुपार पुरली. तुमच्या गाडीचा दोष हाच असेल असं मी म्हणत नाही. पण "कधी कधी बंद पडते" या तक्रारीला कुणी वाली नसतो, आणि अकरा नोंदींच्या वहीला "आढळला नाही" असं उत्तर देता येत नाही.

तिसरं, बदललेला जुना भाग. तो मागून घ्या. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी स्वतःकडे ठेवते; मग निदान त्याचा क्रमांक आणि फोटो घ्या, आणि "वाद सुरू आहे, हा भाग नष्ट करू नये" असं ईमेलने कळवा. हे मी एवढ्या आग्रहाने का सांगते, त्यालाही एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत चावीचा स्विच ढिला होता. किल्ल्यांचा जड जुडगा लोंबकळत असेल, खड्ड्यात धक्का बसला, गुडघा लागला, की चावी आपोआप मागच्या खुणेवर सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद. २०१० साली जॉर्जिया राज्यात अशाच एका गाडीत एक तरुणी गेली. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने त्या गाडीतला स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून तपासले. दोन्हींवर भाग क्रमांक एकच. पण नव्यातली खाच धरून ठेवणारी दांडी किंचित लांब होती आणि तिची स्प्रिंग कडक होती. कंपनीतल्या एका अभियंत्याने २००६ मध्ये भाग सुधारायला मंजुरी दिली होती आणि क्रमांक मात्र तोच राहू दिला होता. त्यामुळे जुन्या गाड्यांत काय चुकलं होतं ते बाहेरून कुणालाच कळत नव्हतं. रिकॉल सुरू झाला फेब्रुवारी २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख गाड्यांचा. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. जुना स्विच भंगारात गेला असता तर ही तुलना झालीच नसती.

आता कायद्याचं. "रिकॉल निघालेला नाही" याचा अर्थ तुमची बाजू कमकुवत आहे असा नाही. रिकॉल हा सरकार आणि उत्पादक यांच्यातला, एकाच प्रकारच्या हजारो गाड्यांचा प्रश्न असतो. तुम्हाला सदोष गाडी विकली गेली, हा तुमचा स्वतंत्र दावा आहे.

तो कसा चालतो हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत दुरुस्त होता होत नाही अशा नव्या गाडीला 'लेमन' म्हणतात आणि त्यासाठी राज्यांचे वेगळे कायदे आहेत. पहिला १९८२ मध्ये कनेक्टिकटने केला. कॅलिफोर्नियाचा कायदा १८ महिने किंवा १८,००० मैल यांतलं जे आधी पूर्ण होईल तोवरचा काळ धरतो. त्या काळात एकाच दोषासाठी चार वेळा, जिवावर बेतणारा दोष असेल तर दोनदा दुरुस्तीचा प्रयत्न झाला असेल, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त दुरुस्तीत अडकली असेल, तर ती लेमन असल्याचं गृहीत धरलं जातं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करून पैसे घेता येतात, आणि त्यानंतर एक दुरुस्ती फसली की नाकारण्याचा हक्क पुन्हा मिळतो.

भारतात असा खास कायदा नाही. इथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. त्यातल्या तीन गोष्टी तुम्हाला माहीत असायला हव्यात. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती सर्व्हिस सेंटरच्या "पुढच्या महिन्यात बघू" मध्ये निघून जाते. आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग गाडी किंवा तिचा भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. ही मागणी तक्रारीतच करा. तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे पडलेल्या तक्रारी मी खूप वाचल्या आहेत.

नवी गाडी मिळेलच असं मात्र मनात धरून बसू नका. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर गाडी बदलायला लावता येत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणून तुमची बाजू अशी मांडावी लागेल की भाग बदलून पाहिले, प्रयत्न चार-पाचदा झाले, आणि दोष जातच नाही. तुमची चार जॉब कार्डं इथे कामी येतील. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्ष करा. ते एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि एकालाच पक्ष केलेलं असेल तर बोट नेमकं बाहेरच्याकडे वळतं.

यासोबत सरकारी यंत्रणेकडेही तक्रार नोंदवा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवला, किंवा चाचणी संस्थेने अथवा अन्य कुणी कळवला, तर केंद्र सरकार उत्पादकाला गाड्या परत घ्यायला लावू शकतं. तुमची एक तक्रार त्या मोजणीत धरली जाते. तुमच्यासारखीच गाडी घेतलेल्या आणखी कुणाच्या मागून ट्रक येत असेल.

आणि तोवर ती गाडी मुलांना घेऊन महामार्गावर नेऊ नका. कृपा करा.

माझ्या भावाचा समोरासमोर अपघात झाला, एअरबॅग उघडल्याच नाहीत. तो वाचला, पण जबडा आणि मनगट मोडलं. विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी ठरवून घेऊन जाणार आहे. कंपनी म्हणते, धडकेचा जोर पुरेसा नव्हता.

गाडी जाऊ देऊ नका. बाकी सगळं नंतर.

निकामी ठरलेली गाडी विमा कंपनी भंगारात विकते आणि तिच्यासोबत तुमचा सगळ्यात मोठा पुरावा जातो. आजच विमा कंपनीला लेखी कळवा की गाडी दाव्यासाठी जपून ठेवायची आहे. रकमेत थोडी तडजोड करून गाडी स्वतःकडे ठेवता येते का ते विचारा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या क्षणाची माहिती साठलेली असू शकते: वेग, ब्रेक, पट्टा लावला होता की नाही, किती धक्का बसला. ती दोन्ही बाजूंच्या समोर, स्वतंत्र तज्ज्ञाने काढावी. एकट्या कंपनीच्या माणसाला लॅपटॉप जोडू देऊ नका. पंचनामा, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, पुढचा भाग किती आत गेला त्याचं माप, दवाखान्याचे कागद, सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

प्रामाणिकपणे हेही सांगते की प्रत्येक धडकेत एअरबॅग उघडत नाही. मागून धक्का बसला, गाडी कलंडली, तर पुढच्या एअरबॅग न उघडणं हा दोष असेलच असं नाही. पण समोरासमोर धडक, तीही हाडं मोडण्याइतकी, यात "जोर पुरेसा नव्हता" हे नुसतं म्हणून भागत नाही. ह्युंदाई क्रेटाच्या एका प्रकरणात कंपनीने हाच बचाव घेतला होता. गाडी २०१५ ची, अपघात २०१७ चा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई आणि बदली गाडीचा आदेश कायम केला. वेग आणि बल यांची गणितं करून धडकेचा जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, हा त्या निकालाचा मुद्दा तुमच्या वकिलाला आवर्जून दाखवा. इजा झालेली असल्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेची भरपाई बनवणाऱ्याकडून मागण्याची तरतूदही लागू होते. मागणी गाडीपुरती न ठेवता उपचार, बुडालेलं उत्पन्न आणि सोसलेला त्रास यांचीही करा.

भावाला लवकर बरं वाटो. मनगटाचे एक्स-रे मूळ प्रतीच ठेवा.

रिकॉलचं पत्र आलं, पण सुटा भाग दोन महिने मिळणार नाही म्हणतात. तोवर गाडी चालवायची का?

याचं उत्तर दोषावर आहे, म्हणून कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: भाग मिळेपर्यंत ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का? तोंडी उत्तर घेऊ नका. काही वेळा चालवायला हरकत नसते. काही वेळा कंपनीच चालवू नका म्हणते; जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरच्या शंकेवरून १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत त्या वापरू नका असा सल्ला दिला होता. आगीचा धोका असेल तर गाडी कुठे उभी करायची हाही प्रश्न येतो. २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीत दोष निघाला, तेव्हा मालकांना गाडी घराबाहेर उभी करायला आणि रात्रभर घरात चार्जिंगला न लावायला सांगितलं गेलं.

चालवू नका असं उत्तर आलं तर पर्यायी गाडी किंवा प्रवासखर्च मागा. मिळतोच असं नाही, पण न मागणाऱ्याला तर नक्कीच मिळत नाही. एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवण्याचा सल्ला ओळखीचा मेकॅनिक देईल. तो ऐकू नका.

जुनी गाडी घेतली. नंतर कळलं की तिचा रिकॉल चार वर्षांपूर्वीच निघाला होता आणि काम झालेलंच नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही.

काम अजूनही करून मिळेल. रिकॉल गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नाही. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सेंटरला जा. पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात असणार, म्हणून तुमचं नाव, पत्ता आणि फोन कंपनीकडे नोंदवून घ्या. या दोषाच्या दुरुस्तीवर तुम्ही किंवा आधीच्या मालकाने आधीच पैसे खर्च केले असतील तर बिलं काढा. बऱ्याच रिकॉलमध्ये तो खर्च परत मिळतो. विकणारा व्यापारी असेल आणि त्याने "सगळी कामं झालेली आहेत" असं लिहून दिलं असेल तर त्याच्यावर दावा होऊ शकतो. नुसता तोंडी विश्वास होता, तर वेळ घालवू नका, आधी गाडी दुरुस्त करून घ्या.

कंपनी म्हणते, रिकॉल आहे पण गाडी आणायची गरज नाही, इंटरनेटवरून सॉफ्टवेअर बदललं. याला रिकॉल म्हणायचं का?

म्हणायचं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाने ऑटोपायलटसाठी सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल केला, तो असाच, दुरून सॉफ्टवेअर बदलून. तुमच्या गाडीत नवी आवृत्ती खरोखर उतरली का, ते स्क्रीनवर पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. बदलानंतर गाडीचं वागणं बिघडलं, ब्रेक वेगळा लागायला लागला, तर ती नवी तक्रार आहे आणि तिचंही जॉब कार्ड हवं.

गाडी विकून तीन वर्षं झाली. तिच्या ब्रेकच्या रिकॉलचं पत्र आज माझ्याकडे आलं. मी काय करणार?

नव्या मालकाचा फोन असेल तर पत्राचा फोटो आत्ता पाठवा. फोन बदलला असेल तर ज्या मध्यस्थाकडून गाडी विकली त्याला विचारा. तिथेही नाही लागला, तर कंपनीच्या ग्राहक कक्षाला चेसिस नंबर देऊन कळवा की गाडी विकली गेली आहे, आणि विक्रीच्या कागदावरचं नव्या मालकाचं नाव व पत्ता त्यांना द्या. ब्रेकचं काम आहे, पत्र उद्यावर ठेवू नका.